पुनःक्षेपकाचे घड्याळ आणि त्याची परवली : भोर-वेल्हे परिसरातील संदेशवहनाचा एक धागा

डोंगराळ मुलुखात संदेश पोहोचविण्याचा प्रश्न उंचीने सुटतो, असा सर्वसाधारण समज आहे. शिखर गाठावे, तेथून दिसेल तेथवर खूण करावी, आणि काम झाले असे मानावे. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांचा भूगोल पाहिला तर हा समज बळावतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी या नद्यांची खोरी सह्याद्रीच्या धारांनी एकमेकींपासून अशी तोडलेली आहेत की, शेजारच्या खोऱ्यातील गावाला हाक ऐकू जात नाही. पण त्याच धारांवरील तोरणा, राजगड, रोहिडा आणि उत्तरेच्या अंगास हवेली तालुक्यात उभा असलेला सिंहगड यांवरून दूरचा मुलूख एका नजरेत येतो. उंची येथे निसर्गानेच दिलेली आहे. तरीही या प्रदेशातील संदेशवहनाचा इतिहास बारकाईने पाहता अवघड भाग उंचीचा नव्हता असे दिसते. खूण कोणी करावी, केव्हा करावी, ती खरी कशावरून मानावी, आणि ती केव्हा झाली याची नोंद कोणत्या घड्याळाने ठेवावी, हे प्रश्न अधिक अवघड होते. हौशी बिनतारी मंडळी डोंगरमाथ्यावर ज्या यंत्राला रिपीटर म्हणतात, त्या पुनःक्षेपकाच्या नियंत्रकात आज ज्या गोष्टी आकड्यांनी भराव्या लागतात, त्या बहुतांशी याच जुन्या प्रश्नांची उत्तरे होत. प्रस्तुत निबंधाचा विषय तोच आहे.

प्रथम एका सुप्रसिद्ध खुणेचा विचार करणे योग्य ठरेल. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे यांनी सिंहगड घेतला. गड हाती आल्याची वार्ता शिवाजी महाराजांना कशी कळली, याची हकिकत कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. गडावरील पागेच्या खणांना आग लावण्यात आली आणि तिचा उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असा तिचा आशय आहे. सिंहगड व राजगड यांमधील सरळ अंतर सुमारे १५ किलोमीटर भरते. रात्रीच्या वेळी पेटलेली पाग एवढ्या अंतरावरून दिसणे सहज शक्य होते. महाराज त्या सुमारास राजगडी होते याला दुसऱ्या बाजूनेही पुष्टी मिळते. त्याच महिन्यात, २४ फेब्रुवारी रोजी, राजाराम महाराजांचा जन्म राजगडावर झाला.

या उजेडाचा अर्थ काय होता, हे मात्र उजेडाने सांगितलेले नाही. आग म्हणजे एकच खूण. गड मिळाला म्हणून लावलेली आग, लढाईत चुकून लागलेली आग आणि शत्रूने लावलेली आग दुरून सारखीच दिसते. तिला अर्थ आला तो मोहिमेच्या अपेक्षेमुळे आणि वेळेमुळे. मावळे गेले आहेत हे राजगडास ठाऊक होते. ज्या रात्री काही घडावयाचे त्याच रात्री उजेड दिसला. तीच आग पंधरा दिवस आधी दिसली असती तर राजगडावर आनंद झाला नसता, चौकशी झाली असती. शिवाय त्या उजेडाला वार्तेची दुसरी बाजूही सांगता येणे शक्य नव्हते. गड आला पण तानाजी पडला, हे सांगण्यास माणूसच यावा लागला. खुणेने होय किंवा नाही एवढेच कळते, तपशील कळत नाही. ही मर्यादा तारायंत्र येईपर्यंत कायम राहिली.

या घटनेच्या नोंदीविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. सभासदाने उजेड सांगितला. पण त्याची बखर तारखांच्या बाबतीत उदार नाही. तिथी मिळते ती भोर तालुक्यातील कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातून आलेल्या शकावलीत. शके १५९१ माघ वद्य नवमी ही ती तिथी होय. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाद्वारे प्रकाशात आणली. एका साधनात खूण आहे, दुसऱ्यात वेळ आहे. दोन्ही जुळविली तेव्हा घटना पुरी झाली. त्यातही रात्रीच्या घटनेचा दिवस ठरविताना एक पेच उरतोच. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सुरू होतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते. त्यामुळे मध्यरात्रीनंतर घडलेली गोष्ट जुन्या गणनेत आदल्या दिवशीची आणि नव्या गणनेत दुसऱ्या दिवशीची ठरते. सिंहगडाच्या स्वारीचा रूढ दिनांक ४ फेब्रुवारी हा आहे. पण रात्रीचा कोणता प्रहर, हे जोवर निश्चित नाही तोवर त्या दिनांकास एवढी सूट ठेवावीच लागते. हा पेच बखरवाङ्मयापुरता मर्यादित नाही, हे पुढे दिसून येईल.

शकावलीकारांची दुसरी एक सवय येथे नोंदविण्याजोगी आहे. महत्त्वाच्या प्रसंगी ते केवळ तिथी देऊन थांबत नाहीत. वार, नक्षत्र, क्वचित घटी आणि पळेही देतात. शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद अशीच आहे. शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, आणि पुढे घटीपळे. या जादा तपशिलाचा उपयोग सौंदर्यासाठी नव्हता. तिथी एक, वार दुसरा, नक्षत्र तिसरे. तिन्ही एकमेकांशी जुळली तर नोंद विश्वसनीय, न जुळली तर कोठे तरी चूक आहे हे गणिताने कळते. जन्मतिथीचा वाद १९१६ नंतर नव्याने उभा राहिला आणि पुढे अनेक दशके चालला, त्यात या नोंदीचे वजन वाढले ते तिची अशी उलटतपासणी करता आली म्हणून. ज्या नोंदीत एकच आकडा असतो ती नोंद चुकली तरी चुकल्याचे कळत नाही. यंत्राच्या घड्याळालाही हाच न्याय लागू आहे.

वेळेइतकाच अधिकाराचा प्रश्न महत्त्वाचा होता. गडाची व्यवस्था सांगताना सभासद हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी सांगतो आणि तिघांची प्रत सारखी होती असे स्पष्ट करतो. हेतू उघड आहे. गड एकट्याच्या मर्जीवर राहू नये. रात्री पहाऱ्यावर येणाऱ्याने परवलीचा शब्द सांगावा, तो जुळला तरच वाट मिळावी, ही पद्धतही त्याच हेतूची. परवली ऐकणाऱ्यांच्या संख्येबरोबर तिचे मोल घटते. म्हणून ती बदलावी लागते. या व्यवस्थेत काळाचे भानही घटिकापात्राच्या द्वारे राखले जाई. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडावे, ते २४ मिनिटांत भरून बुडावे, आणि घड्याळजीने ठोका द्यावा; अशा साठ घटिकांचा एक अहोरात्र. ही मोजणी सूर्योदयापासून होत असल्याने घड्याळ रोज नव्याने लावले जाई. चूक झाली तर ती एका दिवसापुरतीच टिके. आजच्या घड्याळांना ही सोय नाही; त्यांची चूक साठत जाते.

माणसाच्या गैरहजेरीत यंत्राने आपण होऊन निर्णय करावा, ही कल्पना या परिसरात बिनतारीबरोबर आली असे नाही. ती धरणांबरोबर आली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी रचलेली स्वयंचलित दारे १९०३ साली खडकवासल्याच्या तलावावर बसविण्यात आली. भोर संस्थानच्या हद्दीत वेळवंडी नदीवर बांधलेल्या आणि १९२८ साली पुऱ्या झालेल्या भाटघरच्या लॉइड धरणावरही स्वयंचलित दारे आहेत. पाणी ठराविक पातळीवर आले की वजनांचा तोल बदलतो आणि दार उघडते. पातळी उतरली की ते मिटते. रात्री दोन वाजता पूर आला तरी पहारेकऱ्याला उठवावे लागत नाही. ती पातळी कोणती असावी हे मात्र माणसानेच आगाऊ ठरविलेले असते. नियंत्रणातील सेटिंग म्हणजे याहून वेगळे काही नाही. माणसाने आज केलेला निर्णय, जो यंत्र उद्या त्याच्या पाठीमागे अमलात आणते, त्यालाच हे नाव आहे.

बिनतारी यंत्राला मात्र धरणाच्या दाराइतके निरागस कोणी मानले नाही. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने आणि १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्यावाचून यंत्र बाळगणे गुन्हा ठरविला. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी केंद्रांचे परवाने काढून घेण्यात आले. तरी १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू झालाच. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नोव्हेंबरात अटक होईपर्यंत जागा बदलीत चालविला. त्या केंद्राने आपले नाव आणि आपली लहर, ४२.३४ मीटर, जाहीर केली. आपला ठिकाणा तेवढा लपविला. राज्यकर्त्यांना नेमके जे हवे असते, म्हणजे कोण, कोठून आणि कोणाच्या जबाबदारीवर बोलतो, ते त्यात नव्हते. स्वातंत्र्यानंतर हौशी सेवेसाठी १९५८ साली व पुढे १९७८ साली स्वतंत्र नियम झाले, १९८४ मध्ये आयातीच्या यंत्रांवरील शुल्कात सवलत मिळाली आणि हौशींची संख्या वाढली. परंतु ओळख आणि जबाबदारी हा नियमांचा गाभा बदलला नाही. आंतरराष्ट्रीय नियमावलीही हौशी केंद्राने थोड्या थोड्या अवकाशाने आपले संकेतनाम उच्चारावे असेच सांगते. भारतातील संकेतनामांचा आरंभ बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी होतो.

अशा वातावरणात पुनःक्षेपक ही मोठी अडचणीची वस्तू ठरली, कारण तिच्यापाशी माणूस नसतो. तिचे तत्त्व सोपे आहे. खोऱ्यातील लहान यंत्राचा क्षीण आवाज शिखरावरील ग्राहकाने एका वारंवारतेवर ऐकावयाचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जोराने पुन्हा सांगावयाचा. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोहोंत सामान्यतः ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरातील आर्थर जेंट्री या हौशी तंत्रज्ञाने १९५० च्या दशकात चालविलेला पुनःक्षेपक हा आरंभीच्या प्रयत्नांत गणला जातो. शिखराचा लाभ किती, हे साध्या गणिताने कळते. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्यास ४.१२ ने गुणले की बिनतारी क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. सिंहगड पुण्याच्या पातळीपेक्षा सुमारे ७५० मीटर उंच धरला तर क्षितिज ११३ किलोमीटरांच्या आसपास जाते. जमिनीवर हातात धरलेल्या यंत्राला तेच क्षितिज पाच-सहा किलोमीटर असते. मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुण्यास दाखविण्यासाठी १९७३ साली सहक्षेपण केंद्र सिंहगडावरच उभारले गेले, ते याच कारणाने. ज्या माथ्यावरून १६७० साली उजेड दाखविला गेला, त्याच माथ्याची निवड तीनशे वर्षांनी पुन्हा व्हावी, यात योगायोगाचा भाग थोडा आणि भूगोलाचा अधिक आहे.

येथे गणिताच्या मोहात सापडू नये. ११३ किलोमीटर हा आकडा मोकळ्या मैदानाचा आहे. राजगडाच्या एका अंगास गुंजवणीचे खोरे, दुसऱ्या अंगास वेळवंडीचे. धारेच्या पलीकडच्या उतारावर बसलेल्या गावाला सिंहगड दिसत नसेल तर ते गाव पंधरा किलोमीटरांवर असूनही सावलीत राहते. डोंगराच्या कडेवरून थोडी लहर वळते, थोडी समोरच्या कड्यावर आपटून परतते, एवढाच त्याला आधार. म्हणून या मुलुखात एका शिखराने भागत नाही. दोन शिखरे जोडावी लागतात, आणि जोडणी आली की नियंत्रणाचा प्रश्न दुप्पट होतो. एका शिखरावरील यंत्र अडकून बोलतच राहिले तर दुसरेही त्याच्याबरोबर बोलत राहते.

अडकून बोलणारे यंत्र हेच पुनःक्षेपकाचे मुख्य भय होय. खोऱ्यात कोणाच्या गाडीत बटण दाबलेले राहिले, किंवा ग्राहकात गोंधळाचा स्वर शिरला, तर प्रक्षेपक तासन् तास चालू राहतो, तापतो, आणि दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. म्हणून नियंत्रकात पहिला कालमापक बसविला जातो तो तोंड बंद करण्याचा. सलग बोलण्याची मर्यादा अनेक ठिकाणी तीन मिनिटांची ठेवलेली आढळते. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९७२ साली पुनःक्षेपकांसाठी स्वतंत्र नियम केले. तेथील नियमांत दूरनियंत्रणाचा दुवा तुटला तर प्रक्षेपण तीन मिनिटांत थांबले पाहिजे अशी अट आहे. यंत्रे बनविणाऱ्यांनी ती अट कारखान्यातच भरून पाठविली आणि ज्या देशांना ती लागू नव्हती तेथेही ती रूढ झाली. दुसरा कालमापक ओळखीचा. अमेरिकन नियमांत दहा मिनिटांची कमाल मर्यादा असल्याने बहुतेक नियंत्रकांत हाच आकडा भरता येतो. ठरलेला अवकाश संपला की यंत्र मोर्सच्या टिंबरेषांनी अथवा साठविलेल्या आवाजाने आपले संकेतनाम सांगते. तिसरा अगदी लहान, काही सेकंदांचा. बोलणाऱ्याने बटण सोडल्यावर प्रक्षेपक लगेच बंद न पडता क्षणभर जिवंत राहतो. हौशी मंडळी त्यास शेपूट म्हणतात. त्या शेपटीत एक छोटा स्वर वाजतो. त्याचा अर्थ असा की, आता दुसऱ्याने बोलावे आणि मध्ये अडलेल्याला जागा द्यावी. संकटातल्या माणसाला शिरकाव मिळावा म्हणून हा अवकाश ठेवलेला असतो. तो काटकसरीने शून्यावर आणणारा चालक स्वतःला हुशार समजतो खरा. पण त्याने दार बंद केलेले असते.

हे आकडे यंत्रात घालावयाचे कसे, हा पुढचा प्रश्न. शिखरावर प्रत्येक वेळी चढून जाणे शक्य नसते. पावसाळ्यात तर नाहीच. उपाय मिळाला तो दूरध्वनीच्या दुनियेतून. बेल कंपनीने १९६३ च्या नोव्हेंबरात पेन्सिल्व्हेनियात बटणांचे दूरध्वनी ग्राहकांना दिले. प्रत्येक बटणाला दोन स्वर, एक खालच्या पट्टीतला आणि एक वरच्या पट्टीतला. चार ओळी आणि चार स्तंभ मिळून सोळा खुणा. घरगुती यंत्रावर बाराच राहिल्या, पण १६३३ हर्ट्झच्या चौथ्या स्तंभातील चार अक्षरे हौशींनी आपल्या हातयंत्रांत उचलली, कारण सामान्य दूरध्वनीवर नसलेली खूण चुकून दाबली जाण्याची भीती कमी असते. १९८० च्या दशकात नियंत्रकात सूक्ष्मप्रक्रियक आला आणि हे स्वर ऐकून त्याप्रमाणे वागणारे यंत्र शिखरावर बसले. आधी गुप्त अंक, मग आज्ञेचा क्रमांक, मग भरावयाची संख्या आणि शेवटी अंताची खूण असा आज्ञेचा घाट असतो. आज्ञा मान्य झाली तर यंत्र एक उत्तर देते, चुकली तर दुसरे.

गुप्त अंक म्हणजे परवलीच होय, आणि परवलीचे जुने दुखणेही तिच्याबरोबर आले. स्वर हवेतून जातात. ज्याच्यापाशी ग्राहकयंत्र आहे तो ते टिपून घेऊ शकतो. त्यावर तीन उपाय चालत आले. आज्ञा सामान्य वारंवारतेवर न देता वेगळ्या पट्टीतील नियंत्रणवाटेने द्यावी; पुनःक्षेपकाने स्वर पुन्हा न सांगता गिळावेत; आणि अंक वेळोवेळी बदलावेत. अधिकाराची वाटणीही झाली. सामान्य सभासदाने वेळ विचारावी, काहींनी दुवा जोडावा वा तोडावा, आणि यंत्र समूळ बंद करण्याचा किंवा घड्याळ लावण्याचा अंक दोघातिघांपाशीच असावा. दोघातिघांपाशी, एकापाशी नव्हे. कारण तो एकटा परगावी असताना यंत्र बिघडले तर पंचाईत. गडावर तीन अधिकारी ठेवताना जो विचार होता त्याची येथे आठवण होते, जरी दोन्हींत थेट परंपरा आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

आता घड्याळ. वरवर पाहता पुनःक्षेपकाला तारीख-वेळ ठाऊक असण्याचे कारण नाही. तीन मिनिटे आणि दहा मिनिटे मोजण्यास दिनदर्शिका लागत नाही. परंतु एकदा घड्याळ बसले की ठराविक वारी ठराविक वेळी आपोआप घडणारी कामे यंत्रावर सोपविता येतात. रविवारी सकाळी सभासदांची हजेरी घेणारी बैठक असेल तर तेवढा वेळ मर्यादेचा कालमापक लांबवावा, दुसऱ्या शिखराचा दुवा जोडावा, बैठक संपताच सर्व पूर्ववत करावे. रात्री संकेतनाम बोलून न सांगता मोर्सने सांगावे. यासाठी घड्याळात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि शिवाय वार भरावा लागतो. कित्येक जुन्या नियंत्रकांत वार वेगळा भरावा लागतो, यंत्र तो तारखेवरून काढीत नाही. तेथे रविवार एक म्हणून मोजावयाचा की सोमवार, हे न पाहता अंक भरला तर बैठक शनिवारी सुरू होते. तारीख आणि वार यांचा मेळ घालून पाहण्याची जेधे शकावलीतील रीत चालकाने येथे उचलली तर ही चूक पहिल्याच दिवशी सापडते.

परदेशी नियंत्रक या मातीत आणला की घड्याळाबाबत आणखी दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली म्हणजे उन्हाळी वेळेची सेटिंग बंद करणे. अमेरिकेत वसंतात घड्याळ एक तास पुढे नेतात. त्यासाठी यंत्रात सोय असते आणि ती चालू राहिली तर सिंहगडावरचे घड्याळही मार्चमध्ये आपण होऊन पुढे उडी मारते. भारतात युद्धकाळाचा अपवाद वगळता अशी पद्धत नाही; १९४२ ते १९४५ या अवधीत मात्र घड्याळे एक तास पुढे होती. दुसरी गोष्ट अर्ध्या तासाची. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, आणि जेथे फरक पूर्ण तासांतच भरता येतो तेथे हे घड्याळ बसत नाही. हा अर्धा तास फुकट आलेला नाही. १९०६ साली प्रमाणवेळ लागू होण्यापूर्वी मुंबईची वेळ जागतिक वेळेच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती आणि रेल्वे मद्रासच्या वेळेने चाले. १८८१ साली मुंबई सरकारने मद्रासची वेळ कचेऱ्यांना लावली तेव्हा शहराने असा विरोध केला की १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. प्रमाणवेळ आल्यावरही मुंबई नगरपालिकेने १९५५ पर्यंत आपली वेळ सोडली नाही. भोरच्या रेखांशावर सूर्याची मध्यम वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ३५ मिनिटे मागे पडते. घड्याळात बारा वाजले म्हणजे भोरच्या राजवाड्याच्या चौकात सूर्य माथ्यावर आला असे होत नाही. ज्याने सूर्योदयावर घटिका मोजल्या त्याला हे विचित्र वाटले असते.

लावलेले घड्याळ टिकणे हा निराळा विषय. अशा घड्याळात ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक असतो. ही संख्या दोनाचा पंधरावा घात असल्याने पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंद हाती येतो. स्फटिकात दशलक्षात वीस भागांची चूक असेल तर दिवसाला पावणेदोन सेकंद आणि वर्षाला साडेदहा मिनिटे फरक पडतो. हे स्फटिक सुमारे २५ अंशांवर सर्वांत खरे चालतात; त्याहून उष्ण वा थंड झाले की मागे पडतात. शिखरावरील पत्र्याच्या खोलीत मे महिन्याची दुपार आणि जानेवारीची पहाट यांत ते दोन्ही अनुभव घेतात. वीज गेली आणि आतली बॅटरी संपलेली असली तर घड्याळ कारखान्यातल्या पहिल्या तारखेवर परतते; यंत्र चालू असते, बोलणे होत असते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ठरलेली कामे भलत्याच वेळी होऊ लागतात तेव्हा शोध सुरू होतो. घड्याळ लावण्याची जुनी रीत अशी की, सर्व अंक आधी पाठवावेत, शेवटची खूण हाताशी ठेवावी आणि आकाशवाणीच्या बातम्यांपूर्वीचा शेवटचा ठोका पडताच ती द्यावी. एके काळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे ‘एटीए’ हे कालसंकेत केंद्रही यासाठी ऐकत. उपग्रहांवरून वेळ घेणारी यंत्रे आल्यावर ही कसरत कमी झाली. परंतु घेतलेल्या वेळेत साडेपाच तास मिळवावयाचे की नाही हा प्रश्न तेथेही माणसालाच सोडवावा लागतो.

तो प्रश्न क्षुल्लक नाही, कारण हौशी मंडळींची दैनंदिनी सामान्यतः जागतिक वेळेत लिहिली जाते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या अवधीत भारतात एक तारीख असते आणि दैनंदिनीत आदली. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी आलेला निरोप दैनंदिनीत आदल्या दिवसाच्या २२ वाजून ४० मिनिटांवर जातो. माघ वद्य नवमीच्या रात्रीचा पेच येथे नव्या वेषात पुन्हा उभा राहतो.

हा पेच केवळ अभ्यासकांचा नव्हे, हे याच परिसरातील एका दिवसावरून स्पष्ट होते. वेल्हे तालुक्यात, जो अलीकडे राजगड या नावाने ओळखला जातो, आंबी नदीवर बांधले जात असलेल्या पानशेत धरणात काम पुरे होण्यापूर्वीच १९६१ च्या पावसाळ्यात पाणी साठले. भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून रात्रभर तो वाचविण्याची शर्थ केली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. ते पाणी खडकवासल्याच्या तलावात आले आणि त्याच दिवशी तेही धरण फुटले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. न्यायमूर्ती बावडेकर यांच्या निधनानंतर ते काम न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे आले. धरणाच्या बांधणीतील दोषांइतकाच एक प्रश्न लोकांच्या मनात राहिला. भराव खचतो आहे हे आदल्या दिवसापासून दिसत असताना शहराला वेळीच आणि निःसंदिग्ध इशारा का मिळाला नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर कोणी, कोणाला, किती वाजता काय कळविले, याच क्रमाने जावे लागते. एका मनुष्याने ‘पहाटे’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘सकाळी’ म्हटले तर मधल्या दोन तासांची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

त्या दिवशी खोऱ्याच्या डोक्यावर पुनःक्षेपक नव्हता. तो असता तर काय झाले असते, ही चर्चा इतिहासाच्या कक्षेत येत नाही. इतके मात्र दिसते की, सिंहगडाच्या रांगेच्या माथ्यावरून पानशेतचे खोरे आणि पुणे या दोन्ही बाजूंकडे पाहता येते. आज अशा माथ्यावर पुनःक्षेपक चालविणाऱ्याने पावसाळ्याच्या तोंडावर करावयाची कामे थोडी आहेत. बॅटरी बदलणे, सलग बोलण्याची मर्यादा आणि शेपटीचा अवकाश तपासणे, परवलीचे अंक बदलून ते दोघातिघांपाशी पोहोचविणे, उन्हाळी वेळेची सेटिंग बंद आहे याची खात्री करणे, आणि घड्याळ लावल्यावर ते किती सेकंद मागे वा पुढे होते, तो आकडा तारीख व वारासह वहीत लिहून ठेवणे. पुढे एखाद्या निरोपाची वेळ वादात सापडली तर वहीतला हा शेवटचा आकडा वजा करूनच ती ठरवावी लागते.